शेणकिड्यांचा घास

कोळवण,
भाद्रपद वद्य एकादशी

प्रिय चि. वाल्मीक यास आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आणि किडे मारायच्या पुडीचं पोतं आपल्या काळू गड्यानं एसटीच्या टपावरून उतरवून दारात आणून टाकलं. पोतं मी घरात घेतलेलं नाही. काल तुझ्या आजोबांचं पितृपक्षातलं पान होतं, म्हणून ओटीवरसुद्धा नको म्हटलं. मागं पडवीबाहेर फळीवर उभं आहे. तू लिहितोस, तुझ्या खात्याचे साहेब सोमवारी येणार, त्याआधी गावातल्या सगळ्या गोठ्यांत आणि गायरानात पूड पडलेली हवी, आणि ‘आई, तू शिकलेली, तू आधी टाकलीस म्हणजे बाकीच्या बायका टाकतील, एवढी विनंती’. वाचून आधी बरं वाटलं, मग राग आला. मी टाकणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तुझ्या पत्रात ‘शेणातले किडे’ एवढंच आहे. अरे, कोणते किडे? मी सारवणाचं शेण डोळे मिटून उचलत नाही. गोळेवाले वेगळे, ते बोराएवढा गोळा वळतात आणि डोकं खाली, मागचे पाय वर, असे उलटे ढकलत नेतात. शिंगवाले काळे वेगळे. ते शेणाच्या पडल्या पोच्या खालीच विहीर खणतात आणि शेण आत ओढून पिल्लांची बेगमी करतात. कणीएवढे बारके तर पोमध्येच संसार थाटतात. म्हशीच्या पातळ शेणाला येणारे गाईच्या शेणावर फारसे दिसत नाहीत. कोणी भर उन्हात येतो, कोणी दिवेलागणीला घोंघावत. वाण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर मी तेवीस तऱ्हा उतरवल्या आहेत. नावं माझी मीच ठेवली, शास्त्रातली मला ठाऊक नाहीत.

मीही एकदा तुझ्यासारखी शहाणी झाले होते. तू सात वर्षांचा असशील. काटकसर माझ्या अंगातच, गायरानातला पो न् पो उचलून भाताचा राब भाजायला आणि गोवऱ्यांना लावला. टोपलीत किडा दिसला की चोर म्हणून चुलीत. सासूबाईंनी चारचौघींत कौतुक केलं होतं. तिसऱ्या वर्षी गायरानातलं पाणी मुरेना, नुसतं वाहून जाई. भुई टणक झाली, गवत विरळ, कपिला निम्म्या दुधावर आली. भातलावणीला आलेल्या डोंगरवाडीच्या तानुबाईनं भुईवर टाच आपटून दाखवली. म्हणाली, “बाय, समदं तूच उचाललंस, मंग भुंग्यानं खावं काय? भुई कोन फोडनार, तुजा दादला?” हे शेजारीच उभे होते. हसावं की लाजावं कळेना.

त्या दिवसापासून पाचांतला एक पो मी जागेवरच सोडते. काल कावळ्याचा घास ठेवला, गाईचा ठेवला, तसाच हा. शेजारची गोजराबाई अजून टोमणा मारते, “लीलाबाय शेनाचाबी निवद दावतीया!” मारू दे. चार वर्षांत टाचेखालची भुई पुन्हा मऊ झाली, आणि तू कपिलेच्या कालवडीचं दूध पिऊन मॅट्रिक झालास.

आता गेणबाभावजींचं ऐक. गौरींच्या आधी त्यांनी तुझ्याकडचीच पूड अंगणभर टाकली. या उघडिपीत मी त्यांच्या अंगणात आणि आपल्या अंगणात, एकाच सकाळी पडलेल्या दोन पोंशेजारी काटक्या रोवल्या. आपला दुसऱ्या संध्याकाळी भुसा होऊन उरला, खालची ओली माती वर आलेली. त्यांचा अकरा दिवस तसाच. वर भाकरीसारखा पापुद्रा, आत माश्यांच्या अळ्या वळवळतात. माश्या जाव्यात म्हणून पूड टाकली, अन् माश्याच तेवढ्या उरल्या! भावजी म्हणाले, “वहिनी, वाल्मीकला सांगू नगा, पोराचं मन मोडंल.”

मोडेल, हे मला कळत नाही का? तुझी नेमणूक अजून कच्ची आहे आणि साहेबांच्या शेऱ्यावर पक्की व्हायची आहे. ते तू लिहिलं नाहीस. पण ‘विनंती’ या शब्दावरून मी ओळखलं. आजवर तू माझ्याकडे हट्ट केलास, भांडलास, विनंती कधी केली नव्हतीस. तो शब्द वाचल्यापासून माझा जपसुद्धा धड होत नाही.

म्हणूनच हे पत्र. पोराच्या मायेपोटी मी गायरान मारणार नाही, आणि गायरानापायी पोराची नोकरीही जाऊ देणार नाही. पोतं उद्या पहिल्या गाडीनं काळूबरोबर परत येत आहे, सोबत माझी वही. ती आणि हे पत्र साहेबांच्या टेबलावर ठेव. सगळं वाचू देत, मी एक ओळ खोडलेली नाही. त्यांना सांग, वाल्मीकनं काम चोख पोहोचवलं, नकार त्याच्या आईनं दिला. सोमवारी खुशाल यावं. गूळ घालून चहा देईन आणि मग गायरानाच्या वाटेवर जाऊन उभी राहीन. पूड पडायची असेल तर आधी माझ्या पायांवर पडेल. अडाणी बायका आहेत, काहीतरी बोलतात, असा शेरा त्यांनी मारू नये म्हणून खाली अंगठा नाही, सही करते.

तुझीच आई,
लीलाबाई कोंडाजी ढमाले, मॅट्रिक पास