फोटोखाली माझं नाव

मंगळवार, संध्याकाळ. नल्लकुंटा, हैदराबाद.

मला स्कूटर चालवता येत नाही. तरी अतिवेगाचा दंड आज माझ्या नावावर आला. फोटोत माझा नवरा माधव एकटाच आहे, हँडलवर वाकलेला. खाली माझं पूर्ण नाव.

"लाइट ले गं, एवढं मनावर नको घेऊस," तो म्हणाला. "भरायचं थोडं थांबलो तर दंडात सवलत निघेल. इथे सगळे तेच करतात."

पैशांचं नाहीच. नियम सरळ आहे, गाडी ज्याची त्याला दंड. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, नंबर कळतो. मग खुपतंय काय? गाडी माझ्या पगारातून घेतली. शिकव म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "काचीगुड्याच्या ट्रॅफिकमध्ये तू? नको." आणि मी रोज शाळेत ऑटोने. रस्त्यावर मी नको, चलानावर मात्र मीच.

फोटो पुन्हा उघडला. वाकलेला तो, खाली मी.

जेवताना म्हटलं, "दंड भरते. पण उद्यापासून शिकव. पुढची चूक निदान माझी असू दे."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याने किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली. "सकाळी मैदानावर चल."

ताटं उचलून झाली. किल्ली अजून तिथेच आहे. हात लावायला भीती वाटते आहे.