काचेतला चेहरा

३ फेब्रुवारी १९८८
परभणीत नामांतराचा मोर्चा होता, एसटी बंद. म्हणून रेल्वेने चुडाव्याला उतरले. लग्न गोव्यात झालं, त्यामुळे सासरी पहिल्यांदाच आले. सासूबाईंनी, पार्वतीबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून घरात घेतलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. बरं वाटलं.

हे समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करायचे. खोल पाण्यात श्वास धरून काम करायची सवय, म्हणूनच अंतराळवीरांत निवड झाली. परतताना यान समुद्रात उतरलं आणि बुडालं. देह मिळाला नाही.

सासूबाईंनी लगेच यांचा फोटो मागितला. एकच उरलाय, प्रशिक्षणातला, मी काढलेला. शिरस्त्राणाची काच खाली आहे, चेहरा दिसत नाही. चालंल, म्हणाल्या. मी दिला नाही.

५ फेब्रुवारी
देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. दत्तोपंत गुरुजींनी पुतळ्याला यांच्या नावानं हाक मारली. मग तो कापडात गुंडाळून सासूबाईंनीच शेतात नेला. नारळ फुटला. पण वास कडब्याचा आला, पानांचा नाही. सासूबाई रडल्या नाहीत.

८ फेब्रुवारी
मागच्या खोलीला कुलूप असतं. सासूबाई भरली घागर आत नेतात, रिकामी आणतात. विचारलं तर म्हणाल्या, ज्वारीला पाणी मारायलेय.
साठवलेल्या ज्वारीला कोणी पाणी मारत नाही.

११ फेब्रुवारी
दुपारी माझ्या खोलीत ओली पावलं दिसली. जमिनीवर नाही, छताच्या फळ्यांवर, आतून. छत बुटकं आहे. बोट लावून चाखलं. खारट. हे म्हणायचे, समुद्राच्या तळाशी काय नि अंतराळात काय, वर-खाली उरतच नाही.
गुरुजींकडे गेले. नाव घेतलेला पुतळा जाळलाच पाहिजे, म्हणाले. नाहीतर जीव त्यात अडकतो.

१२ फेब्रुवारी
पुतळा मागच्या खोलीत ठेवलाय का, विचारलं. सासूबाईंनी नाकारलं नाही. "माय हाय मी त्याची. तोंड न बगताच जाळू? कडबा जाळला. डोस्कं तेवढं वाचलं न्हाई, गुरुजीनं नारळ हातचा सोडलाच न्हाई."
म्हटलं, जाळू या, सुटू द्या त्यांना.
"सुटंल की. तोंड तेवढं येऊ दे."

१३ फेब्रुवारी
काडेपेटी घेऊन गेले. मागची खोली उघडी. पुतळा नाही. छताला ओली पानं चिकटलेली — माझ्या खोलीपर्यंत.

माझ्या खोलीत आले. ट्रंकेतला फोटो गेलाय —

सासूबाईंनी बाहेरून कडी लावली. दाराशी बसल्यात. "वर बगू नको, सूनबाई. फोटोतलं तोंड नवं हाय, लाजंल."

त्या फोटोत काचेवर ऊन होतं. यांचा चेहरा नव्हताच. समोर उभी मी दिसत होते, पोटाशी कॅमेरा धरून — मीच —

थेंब पडतायत वहीवर.

वर श्वास सोडला कोणीतरी. फार वेळ धरलेला.

बघितलं. ते माझ्याच तोंडानं