बाबांचा चौकडीचा शर्ट

रसेल,

डीकनला घेऊन मी डोंगराखाली बाबांच्या घरी जातेय. तू झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. सूप फ्रीजमध्ये आहे.

काल तू बाबांचा चौकडीचा शर्ट धुतलास. म्हणे, "केबिनभर कुत्र्याचा वास सुटलाय, मालकीणबाई काय म्हणतील?" भाड्याच्या केबिनच्या दारावर 'कुत्र्यांचं स्वागत' अशी पाटी लावणाऱ्या बाईला कुत्र्याचा वास सोसत नसेल, तर ते तिचं ती बघेल. पण तो वास नुसता कुत्र्याचा नव्हता, हे तुला ठाऊक होतं. बाबा गेल्यापासून डीकन त्या शर्टावरच झोपायचा. काल त्याने तो हुंगला, तसाच टाकला आणि दाराशी जाऊन बसला. तू मात्र त्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधून फोटो काढत होतास. "बघ, डोंगरात कशी खुशीत आहे स्वारी!" खरं सांगू? मला तुझी किळस आली.

आज आम्ही दोघं बाबांच्या पिकअपमध्ये बसणार आहोत. तिची सीट अजून कुणी पुसलेली नाही. विकायच्या आधी तू ती गाडी धुवायला देणार होतास ना? किल्ली माझ्याकडे आहे.

शर्ट दोरीवर वाळतोय. आता तो कुणाचाही असू शकतो. तूच घाल.

— एडिथ