मूगवड्यांना पीक मानण्याबाबत

प्रति,
मा. अवकाळी नुकसान पाहणी अधिकारी साहेब,
जबलपूर.

विषय : कांचघर येथील गच्चीवर अवकाळी पावसाने भिजलेल्या मूगवड्यांना पीक मानून भरपाई मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील बाबूजींचे तोंडी उत्तर, "दीदी, बड़ी कोई फसल थोड़े ही है!" (म्हणजे, वडी हे काही पीक नव्हे.)

महोदय,

आपण मूळचे नागपूरकडचे असल्याचे कळल्यावरून हा अर्ज मराठीत सादर आहे. हिंदीत अर्जदार बाईंना भांडता येते, विनंती करता येत नाही.

१. अर्जदार बाई शेजारणींसह उन्हाळ्यात मूगवड्या घालून विजय नगरच्या एका दुकानाला पुरवतात. वड्या कधी घालायच्या, हे आजवर त्यांचा उजवा गुडघा ठरवीत असे. पाऊस यायचा असला की तो आदल्या दिवशी ठणके. या गुडघ्याचा त्यांना भारी गर्व होता. मोबाईलवर हवामान बघणाऱ्या सुनेला त्यांनी चारचौघींत हिणवलेही आहे.

२. अलीकडे मात्र वैशाखातले आभाळ गुडघ्याला न विचारताच भरून येते. यंदा गुडघा गप्प राहिला आणि वड्या पुन्हा पुन्हा भिजल्या. सोबत काम करणाऱ्या बेबी रामटेके यांनी भर गच्चीत विचारले, "कलाताई, तुमचा गुडघा काहून नाही बोलून राहिला?" सुनेचा मोबाईलही चुकला, पण तो आनंद फार वेळ टिकला नाही.

३. गारपिटीत गव्हाला भरपाई मिळते. वड्याही ओळीने घातल्या जातात, त्यांनाही ऊन लागते, पाखरे हाकलावी लागतात. फक्त गच्चीला शेतासारखा खसरा क्रमांक, म्हणजे आपल्याकडचा गट नंबर, नाही, तो द्यावा. तेही जमत नसल्यास सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करवून, ऋतू बिघडला की गुडघा, याचा दाखला द्यावा. बायकांना दाखवता येईल.

४. दुकानदाराने बजावले आहे की पुढची खेप बिघडली तर तो यंत्रात वाळवलेल्या वड्या घेईल. बेबीच्या घरी दुसरी कमाई नाही. ती अर्जदार बाईंच्या शब्दावर डाळ वाटते, म्हणून त्यांना फार लाज वाटते आणि भीतीही. हे कारण नियमात बसत नसले तरी खरे आहे.

सबब, दुकानाची ती पुढची खेप आज गच्चीवर घातली आहे. साहेबांनी समक्ष पाहणीस यावे. येताच पाऊस आला, तर आधी वड्या आत न्यायला हात लावावा, पंचनामा मागाहून करावा.

गुडघा सध्या गप्प आहे.

आभाळाकडे डोळे लावून बसलेली,
कलावती गुणवंत मेश्राम
कांचघर, जबलपूर
दि. ९ मे २०२३

सोबत : बुरशी आलेल्या वड्यांची एक पुडी. चांगल्या वड्यांची पुडी, वाळल्या तर, मागाहून सादर करण्यात येईल.