उपाशी वाफा

१२ एप्रिल १९७१, सोनई
नगरहून आठवड्यानं परत. सायकल पंक्चर, डोकं तापलेलं, आणि रानात येऊन बघतो तर काय! चार वाफ्यांपैकी नेमक्या दुसऱ्यात लेंड्याच लेंड्या. गेली आठ वर्षं ज्यात काही म्हणजे काही घातलं नाही, तोच. खत नाही, शेण नाही, चिमूटभर राख नाही. आमच्या प्रयोगासाठी सोलापूर, अकोला, परभणी, सगळीकडे असाच एकेक वाफा उपाशी ठेवलाय. माती नुसत्या आपल्या बळावर किती वर्षं पिकते ते बघायला. आमचा जेवून मोकळा!

ठकूबाई, जमीन यांचीच. मुळीच लपवलं नाही. "मीच बसवली मेंढरं. धनगर चालला हुता, म्हनलं ऱ्हावा दोन राती. तुमी न्हाई खाऊ घालत, तर मी घालते."

ओरडलोच, "वाटोळं केलंत बाई माझं!"

"मातीचं भलं केलं, तर तुमचं वाटोळं कसं हुतंया?"

१३ एप्रिल
सकाळी टोपली घेऊन लेंड्या वेचायला बसलो. थोड्या वेळानं स्वतःचंच हसू आलं. मूत मुरलंय त्याचं काय, तेही वेचणार?

वाफा झाडून घेतला तर पुण्याला आमच्या सरांना कळायचं नाही. पण मग माझे खोटे आकडे सोलापूरच्या खऱ्यांच्या पंगतीला बसणार. आणि कळवलं तर इथलं काम बंद, आठ वर्षं पाण्यात.

१५ एप्रिल
ठकूबाईंशी बोलत नाही. त्यांनी बांधावर भाकरी ठेवली, वर लसणाची चटणी. खाल्ली. राग आपल्या जागी, भूक आपल्या जागी.

मग न राहवून विचारलं, इतक्या वर्षांत नाही, आत्ताच का?

"दर साली तीन वाफे हिरवे आन् ह्यो पिवळा. येता-जाता बघवत न्हाई, सायेब. गोठ्यात चार जनावरं बांधायची आन् एकाला वैरन टाकायची न्हाई, असं कुनी करतं व्हय?"

मला तरी कुठे बघवतं. मी फक्त नमुने पिशवीत भरतो.

१७ एप्रिल, शनिवार
सरांना खरं ते लिहून टाकलं. पाकीट पेटीत टाकलं. शिंगणापूरच्या यष्ट्या भरभरून चाललेल्या. मीही मनातल्या मनात म्हटलं, बाबा, आता तरी पाठ सोड.

२० जून
उत्तर नाही. बदलीची वाट बघत पेरणी केली. बाजरी.

८ ऑगस्ट
दुसरा वाफा हिरवाकंच! इतकी वर्षं तिथं फिक्या काड्या बघितल्या. खरं सांगायचं तर फार आनंद झाला. होऊ नये, पण झाला.

ठकूबाई पदर खोचून बांधावर. "बगा, कशी हासतीया."

२१ ऑगस्ट
सरांचं पत्र. रागावले नाहीत! काम चालू राहणार. या वाफ्याची सोलापूर-अकोल्याशी तुलना आता नाही, पण वाफा सोडायचाही नाही. एकदा जेवलेली माती पुन्हा उपाशी व्हायला किती वर्षं घेते, ते इथं बघायचं. 'आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं,' असं लिहिलंय. म्हणजे यापुढे परत काही घालायचं नाही.

उडी मारावी असं पत्र. वाचून तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी ठकूबाई ओंजळभर मुगाच्या शेंगा घेऊन आल्या. "पुन्यानं काय म्हनलं?"

"काम राहिलं. मीही राहिलो."

चेहरा असा फुलला! "मग धनगराला सांगून ठिवते, पुढल्या खेपेला बी हिकडूनच जा म्हनून."

शेंगा घेतल्या. एक तिथंच सोलून खाल्ली.

एप्रिलात परतीला निघालेला धनगर दिवाळीनंतर पुन्हा याच वाटेनं येतो. त्याच्या आत सांगायला हवं, की आता तो वाफा पुन्हा पिवळा पडताना आपण दोघांनी बघायचाय. आज नाही जमलं. उद्या त्या शेंगा किती गोड होत्या हे सांगायच्या निमित्तानं जाईन, आणि मग धनगराचा विषय काढीन.