देवमासा लहान निघाला

२ मार्च, रविवार

आली बाई एकदाची देवमाशाची कवटी लॅबमध्ये! प्लास्टरचं ते गाठोडं उचलता उचलता चौघांचं कंबरडं मोडलं. मेरीलँडच्या कड्यातून काढताना प्लास्टरात भिजवून गुंडाळायला गोणपाट कमी पडलं होतं. मदतीला आमच्या अ‍ॅशबर्नच्या विहारातल्या रमाबाई काकू आल्या होत्या. त्यांनी घरून आणलेली जुनी सुती लुगडी टराटरा फाडून दिली. प्लास्टरमधून त्यांचे हिरवे काठ अजून डोकावतायत.

घरी अनुपचं पुन्हा तेच. "चँडलरच्या नोकरीला हो म्हणू का? मॅनेजर रोज पिंग करतोय यार. किती दिवस होल्ड करू?" म्हटलं, कवटीची रुंदी कळेपर्यंत थांब. देवमासा मोठा निघाला तर मला इथे कायमची जागा. लहान निघाला तर तुझ्या नोकरीमागे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात यायला मी तयार. आता शब्द दिलाय!

७ मार्च

सियाचा प्रश्न— "आई, व्हाय आर व्हेल्स सो बिग?" वयाच्या सातव्या वर्षी माझ्या सगळ्या दुखण्यावरच बोट.

सांगितलं तिला. आधी ते एवढे अवाढव्य नव्हतेच. तीसेक लाख वर्षांपूर्वी बर्फ वाढला, वारे बदलले, खालचं गार पाणी वर येऊ लागलं. खाणं काही ठिकाणीच, ठरावीक मोसमात, ढिगांनी मिळू लागलं. मधे सगळा रिकामा समुद्र. एका जागी पोट भरून पुढे महिनोन् महिने उपाशी पोहायचं, तर अंग मोठंच हवं.

"सो दे गो टु कॉस्टको!"

हो गं बाई, अगदी तसंच, आपण तिथून महिन्याचं सामान एकदम भरतो तसं.

हे झालं सगळ्यांचं मत. माझं म्हणणं, एखादा प्रचंड देवमासा त्याच्याही खूप आधी होऊन गेला असणार. आमच्या कड्यातली माती दीड कोटी वर्षांची आहे. लॅबचे सर हसतात— "आसावरी, वन बिग स्कल अँड आय विल शट अप." या एका कवटीवर माझं सगळं टांगलेलं आहे.

१३ मार्च

बोटं सुजलीत. दगड काही हाड सोडत नाही!

२१ मार्च, शुक्रवार

लहान आहे.

दोन्ही गालफडांची हाडं मोकळी झाली तशी आधी रुंदीच मोजली. तीच पद्धत आहे आमची— त्या रुंदीवरून अख्ख्या देवमाशाची लांबी काढता येते. पुन्हा मोजली. आमच्या मिनीव्हॅनएवढा असेल, बस! माझी सगळी वर्षं एका मिनीव्हॅनमध्ये मावली.

कवटीची मागची बाजू अजून दगडातच आहे. असू दे. कोणाला हवीय आता?

तिथूनच अनुपला फोन केला. तो म्हणाला, "ओके... मी त्यांना यस करतो मग." आवाजातली सुटका त्याला लपवता आली नाही. मला त्याचा राग आला, आणि मग त्याचं तरी काय चुकलं म्हणून स्वतःचा.

२४ मार्च

राजीनामा दिला. माझ्या टेबलावर कोण बसणार, तेही ठरलं!

१२ एप्रिल, शनिवार

शाळेच्या हॉलमध्ये विहाराचा जयंतीचा कार्यक्रम. अनुपने स्टेजवरूनच सांगून टाकलं— "आम्ही अ‍ॅरिझोनाला मूव्ह होतोय." टाळ्या! लोक येऊन अभिनंदन करत होते आणि मी खिरीची वाटी हातात घेऊन हसत होते. इतकं हसले की गाल दुखले.

काकू तेवढ्या हसल्या नाहीत. जवळ येऊन म्हणाल्या, "लहान असला म्हणून काय झालं पोरी? तू बाहेर काढलंस ना त्याला?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला आता सकाळी उठावंसंच वाटत नाही. कोणाला सांगणार? सगळे खूश आहेत.

१७ एप्रिल

कवटी आता तळघरात जाणार. तिला अर्धीमुर्धी दगडात ठेवून जायला मन होईना. उद्याचा दिवस मागून घेतला सरांकडून. ते म्हणाले, "व्हाय बॉदर?"

१८ एप्रिल, शुक्रवार

कानाचं हाड निघालं. माझ्या मुठीहून मोठं! पूर्ण वाढलेल्या एवढ्याशा देवमाशाला एवढं हाड असूच शकत नाही. देवमाशाच्या कानाचं हाड जन्मतःच जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतं. बाकी अंग मागाहून वाढतं. मग मागचं सगळं साफ केलं. कवटीचे सांधे उघडेच आहेत. जुळलेलेच नाहीत.

हे पिल्लू आहे. मिनीव्हॅनएवढं पिल्लू! मग याची आई केवढी असेल?

सामानाचा ट्रक आज सकाळीच चँडलरला निघून गेला.