नडगीतली मोकळी जागा

अप्पा,

आज मंगळवार, ११ मार्च २०२५, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. मी खाटेवर उजवा पाय सरळ ठेवून एक्स-रे उजेडाकडे धरला होता. नडगीच्या दोन तुकड्यांमध्ये अजून बोटभर मोकळी जागा आहे.

गेल्या मे महिन्यात मोहोळच्या रस्त्यावर टेम्पोने उडवलं, तेव्हा तिथल्या हाडाचा चुराच झाला होता. डॉक्टरांनी धातूची पट्टी बसवली आणि माझ्याच कमरेतलं हाड काढून त्या जागेत भरलं. ते समजावून सांगत होते आणि मला तुमचा टॉवेल विणायचा माग दिसत होता. धागा तुटला की मी दोन्ही टोकं ओढून गाठ मारायला जातो, तुम्ही माझा हात बाजूला करता. "वढू नगं. मधी तुकडा घाल." म्हणून मला वाटलं, हे जुळणार.

दवाखान्याचा फॉर्म मीच भरला, सुवाच्य अक्षरात. व्यसनाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. खोटं लिहितोय असं मनातही आलं नाही. कारखान्यात व्यसन म्हणजे दारू. तंबाखू तर समोरच्या मागावरच्या माणसाला मळून द्यायची असते, नाही घेतली तर तो रुसतो. माझ्या पहिल्या पगाराला तुम्हीच आपली डबी माझ्या हातावर ठेवलीत आणि दम दिलात, टॉवेलावर डाग पडला तर याद राख.

आज डॉक्टर म्हणाले, भरलेलं हाड विरघळून गेलं. आता कमरेच्या दुसऱ्या बाजूचं काढायचं, कमी पडेल तिथे बाटलीतले कृत्रिम हाडाचे दाणे मिसळायचे. याही वेळी धरलं नाही तर पाय न कापता ठेवता येईल असं ते सांगू शकत नाहीत. मग त्यांनी तंबाखूचं विचारलं.

"खातोय की," आई म्हणाली. "बापाचीच डबी हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मी घातलेलं हाड जगणार कसं? तंबाखूनं तिथलं रक्तच कमी होतं."

रिक्षात आईने एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेतलं. "मला इचारलं असतं तर म्या तवाच सांगितलं असतं," एवढंच बोलली.

दीड महिना तंबाखू पूर्ण बंद, त्यानंतर ऑपरेशन. मी हो म्हणून आलोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आईला वाचता येत नाही, तिला कळायचं नाही, म्हणून या वहीत लिहून ठेवतो. घरी आल्यापासून डबी फेकायला तीनदा बाहेर काढली. तिन्ही वेळा मळून खाल्ली.